तिसरा नको

४ ऑक्टोबर, शनिवार

दिपालीनं ही डायरी आणून दिली. म्हणे, "आई, रोज लिहीत जा. सकाळची साखर किती, काय खाल्लं, कसं वाटलं. डॉक्टरले दाखवता येईन." आता मला कसं वाटलं ते डॉक्टरला कशाला दाखवू? पण डायरी चांगल्या कागदाची आहे, वाया जाऊ द्यायला जीव होत नाही, म्हणून बसले लिहायला.

तर ठरलं आहे ते असं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दहा नोव्हेंबरला. डॉक्टर पोरगेलासा आहे पण तोंडाचा कडक. म्हणाला, "काकू, तीन महिन्यांची साखर साडेसातच्या आत पाहिजे, नाहीतर मी हात लावणार नाही. मध्ये दिवाळी आहे, सांभाळा." सांभाळा म्हणायला याचं काय जातं. पैशाचं म्हणाल तर गुडघ्याची एफडी आहे. साडीच्या दुकानातला माझा दिवाळी बोनस चार वर्षं कोणाला हात लावू दिला नाही, त्याची ती. घरात तिला सगळे गुडघ्याचीच एफडी म्हणतात. पंधरा तारखेला सुटते.

म्हणजे करायचं एवढंच की महिनाभर तोंड बंद आणि पाकीट बंद. दिवाळीच्या महिन्यात! बाईमाणसानं!

आज झारा आणि सोऱ्या काढायला माळ्यावर हात पोचेना. स्टुलावर चढले तर गुडघ्यात अशी कळ आली की तिथेच देव आठवले. शेवटी यांनी काढून दिलं. काढून दिलं आणि म्हणाले, "हे कशाले पायजे? यंदा विकत आणू." मी म्हटलं, दिपालीची लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई येणार, आणि विकतचा फराळ?

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर दूध होतं. मी आधीच सांगितलं, मला नको. खालच्या मजल्यावरची गार्गी म्हणाली, "असं कसं काकू, एवढंसं तर घ्या." तिचं एवढंसं म्हणजे काठोकाठ पेला. नको म्हणून हात पुढे केला, तर हातातच दिला. काय करणार, सणाच्या दिवशी कोणाचा पेला परत करत नाहीत.

शेजारच्या पार्वतीबाई खुर्चीवर बसून होत्या, पाय सरळ पुढे काढून. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. म्हणाल्या, "महिन्याभरात चालशीन म्हणे. पाहून घे. वाकतच नाही." मी विचारलं, दुखलं का खूप? तर म्हणाल्या, "ते विचारूच नको वं." मग चंद्राकडे पाहत बसल्या.

घरी आल्यावर झोप नाही. त्या दुधानं पित्त झालं असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

उभी राहून राहून पाय लाकडाचे झाले आहेत. इतवारीच्या बाजारात मुंगी शिरायला जागा नाही. मला गादीवर मांडी घालून साड्या दाखवता येत नाहीत म्हणून शेठनं उभ्या काउंटरवर टाकलं आहे, आणि उभ्या काउंटरवरच सगळी गर्दी. भाऊबीज होईपर्यंत सुट्टी मागायची नाही असं त्यांनी दसऱ्यालाच सांगून ठेवलं.

आज नवीन लागलेली पोरगी रडकुंडीला आली. गिऱ्हाईक नको म्हणालं की ही लगेच साडीची घडी घालते. तिला समजावलं. पोरी, पहिला नको रीत म्हणून असतो. लगेच हो म्हटलं तर बाई हावरट दिसते. दुसरा नको भाव पाडायला असतो. तिसरा नको खरा. तिसरा ऐकलास की मग घडी घाल आणि पुढची साडी काढ. चोवीस वर्षं या धंद्यात आहे, अजून एकदाही चुकलं नाही.

घरी मात्र उलटं. यांनी पस्तीस वर्षं उमरेडच्या एसटीत तिकिटं फाडली. एकदा फाडलं की फाडलं, मागे घेणं नाही. घरातही तेच. चहा घेतेस का? मी नको म्हटलं की आपला एकट्याचा कप भरून मोकळे! आता माणूस थकून आल्यावर पहिल्या फटक्यात हो म्हणेल का? कळायला नको?

सकाळची साखर बरी होती. संत्रा बर्फीचे डबे दुकानात फिरत होते, मी एकच तुकडा घेतला. शेठच्या सूनबाईनं हातावर ठेवला, म्हणून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी जेवायच्या सुट्टीत विहीणबाईंचा फोन. मुग्धाताईंचं बोलणं असं की ऐकताना पदर सावरावासा वाटतो. म्हणाल्या, "शोभाताई, पहिली दिवाळी म्हणून काही करू नका हं. पाडव्याला दोघांना जेवायला बोलवा, पुरे. अंगठीबिंगठी नको." मी म्हटलं, अहो, रीत असते. "नको. आमच्याकडे नाही ती पद्धत." मग फराळाचं बोललो, थंडीचं बोललो, आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा, "ते अंगठीचं खरंच नको."

दुकानात असा तिसरा नको असता तर मी घडी घातली असती. पण ही विहीण आहे, गिऱ्हाईक नाही. विहिणीचं मोजमाप वेगळं असतं. तीनदा बोलल्या म्हणजे डोक्यात अंगठीच आहे. शिवाय पोरांनी आपल्या मनानं लग्न केलं, ते लोक धरमपेठेसारख्या बड्या वस्तीतले, आम्ही नंदनवनातले. उद्या कोणी म्हणायला नको की पहिल्या पाडव्याला जावयाला नुसतं जेवू घालून पाठवलं.

दिवसभर तेच डोक्यात. एक बरं, गुडघ्याचा विचार आला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एफडी सुटली. संध्याकाळी यांना म्हटलं, जावयाला अंगठी घ्यायची, चांगली, ठसठशीत. गुडघ्याचं मार्चमध्ये पाहू.

हे म्हणाले, "नको. ते गुडघ्याचे पैसे होत."

मी म्हटलं, माझं काय, इतकी वर्षं काढली, आणखी चार महिने काढीन. पोरीची पहिली दिवाळी पुन्हा येणार आहे का?

तर म्हणाले, "बरं."

बरं! एकदा नको म्हणाले आणि लगेच बरं! मी हातात लाटणं घेऊन तशीच उभी. माणसानं दुसऱ्यांदा तरी म्हणावं. दुसऱ्यांदा म्हणायला काय तिकीट लागतं? चार वर्षांचा माझा बोनस, आणि याच्या तोंडून एक वाक्य निघालं. मी रागारागात म्हटलं, मग दवाखान्यात फोन करून तारीख रद्द करून टाका. म्हणाले, "पाहतो."

पोळ्या करपल्या. करपलेल्या यांनीच खाल्ल्या, मुकाट्यानं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल इतकी गाढ झोप लागली. कोजागिरीपासून अशी लागली नव्हती. राग आला की मी दमते, म्हणून असेल.

अंगठी घेतली. सराफानं पेढा दिला, खाल्ला. आता साखरेचं काय एवढं, मार्चपर्यंत वेळच वेळ आहे.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

साखर मोजायच्या पट्ट्या संपल्या. आणायला वेळ नाही.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाईनं पन्नास तरी साड्या काढायला लावल्या आणि रुमाल घेऊन गेली. घरी येऊन करंज्या. उभ्यानंच लाटल्या, उभ्यानंच तळल्या. दिपाली फोनवर म्हणे, "आई, साखर किती आहे वं?" मी म्हटलं, आहे बरी.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे यांना उटणं लावलं, मला कोणी लावलं नाही. अनारसे हसले, म्हणजे तुपात पडल्या पडल्या फुटले. सगळे फुटले. फुटलेले मीच संपवले, टाकायचे कसे? थकले आहे. यापुढे काही लिहायचं नाही मला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

झाला दिवाळसण. लिहिते, कारण डोक्यातून जात नाही.

केयूर आणि दिपाली अकराला आले. केयूर चांगला पोरगा आहे. कमी बोलतो पण घरातलं सगळं पाहतो. पाट मांडला, रांगोळी यांनी काढली, वाकडीतिकडी. मी ताट घेऊन ओवाळायला गेले, आणि जावई पाटावर म्हणजे मला खाली वाकायला हवं. अर्धी वाकले आणि ताट हातात थरथरायला लागलं. केयूर उठला, स्वतः खुर्ची आणली, तिच्यावर बसला, म्हणाला, "आई, मला वरूनच ओवाळा." सगळे हसले. मीही हसले.

मग अंगठी. डबी उघडली तर त्यानं आधी दिपालीकडे पाहिलं. दिपालीनं माझ्याकडे. म्हणाला, "नको आई, हे कशाला?" मी म्हटलं, घ्या हो जावईबापू. "खरंच नको." मी त्याचं बोट धरलं आणि घातली. तिसरं काही बोलला नाही. मग चेहरा का पडला त्याचा? घट्टही नव्हती.

दिपाली स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "आई, ऑपरेशनचे पैसे कुठी आहेत?" मी म्हटलं, आहेत. "कुठी आहेत?" म्हटलं, सणाच्या दिवशी हिशोब विचारतात का? तर गरमगरम पुरणपोळी माझ्या ताटातून उचलून स्वतःच्या ताटात घेतली. म्हणे, "तुझं तोंड पाह्य आरशात. पाय पाह्य. काहून करून राहिली तू असं?" एवढं करून वर बोलणी. पोरीला वाढवायचं ते यासाठी.

जाताना केयूर जिन्यात थांबला. मी कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, मध्ये एकदा बसूनही, तेवढा वेळ तो खाली उभा होता.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊ रामटेकहून आला. ओवाळलं. झोपले.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते असं.

चारच्या सुमारास बेल वाजली. मुग्धाताई, एकट्या. धरमपेठेतून नंदनवनात, रिक्षानं, न कळवता. मी गाऊनवर होते, घरात अंथरुणं पसरलेली. बसल्या. मी चिवडा-चकली आणली. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढावी तशी ती अंगठीची डबी काढली आणि चकलीच्या बशीशेजारी ठेवली.

"शोभाताई, ही घ्या."

मी उघडूनही पाहिली नाही. म्हटलं, काय चुकलं आमचं? वजनात कमी वाटली का?

"वजनाचा प्रश्नच नाही. मी तीनदा म्हटलं होतं नको म्हणून."

मी म्हटलं, ताई, तसं सगळेच म्हणतात. त्यावर त्या जरा तडकल्या. "आमच्याकडे नको म्हणजे नको असतं हो. एकदाच म्हणतो. तुम्हाला मी तीनदा म्हटलं, कारण दिपालीनं मला सांगून ठेवलं होतं, आई तिसऱ्यांदाच ऐकते. तरी नाही ऐकलंत तुम्ही."

मी चकलीची बशी त्यांच्यापुढे सरकवली, त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"केयूर चार दिवस धड जेवला नाही. म्हणतो, आईंच्या हातातलं ताट थरथरत होतं, आणि त्याच हातानं त्यांनी माझ्या बोटात अंगठी घातली. मी ती कशी घालून हिंडू? शोभाताई, तुमचा अपमान करायला मी आले नाही. पण माझ्या सुनेची आई जिन्यावर बसून बसून उतरणार आणि माझा मुलगा सोनं मिरवणार, हे मला नाही जमायचं."

बसून बसून! मी फक्त एकदा बसून उतरले होते. म्हणजे केयूरनं तेही सांगितलं. मला एवढा राग आला, एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. मी अंगठी परत त्यांच्याकडे सरकवली. म्हटलं, नाही घेणार. त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी पुन्हा नको म्हटलं. तेवढ्यात हे आतून आले, डबी उचलली, खिशात टाकली आणि म्हणाले, "धन्यवाद ताई. चहा घेता का?"

"घेते," मुग्धाताई म्हणाल्या. पहिल्याच फटक्यात. दोन चकल्याही खाल्ल्या, आणि जाताना चिवडा डब्यात मागून नेला.

त्या गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. काय गरज होती? आता पैसे येऊन तरी काय उपयोग, तारीख तर गेली. रद्द केली ना तुम्ही.

"नाही केली."

मी म्हटलं, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

"तू एकदाच म्हणली," हे म्हणाले. "मी दुसऱ्यांदा म्हणायची वाट पाहून राहिलो होतो. तू म्हणलीच नाही."

पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं ज्या माणसानं माझा पहिला नको फाडलेल्या तिकिटासारखा धरला, त्याला आता अक्कल सुचली! मी म्हटलं, मग तो बरं काहून म्हणाले तुम्ही? अंगठीला एका शब्दात बरं, आणि इथे वाट?

"ते चुकलं," म्हणाले. एवढंच. आणि मग माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. "तुले खरंच नको आहे का ऑपरेशन? तसं असंन तर सांग."

आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "मले भेव लागते." मला स्वतःलाच माहीत नव्हतं ते तिथे होतं. मग थांबेचना. पार्वतीबाईंचा पाय, तो वाकत नाही ते, त्या चंद्राकडे पाहत बसल्या ते, माझा पाय तसा झाला तर दुकान जाईल, उभं राहायचं तेवढंच तर येतं मला. आणि अंगठी घेतली त्या दिवशी झोप कशी लागली तेही सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

यांनी खिशातली डबी काढून पुन्हा बशीशेजारी ठेवली. मग म्हणाले, "मले बी लागते. म्हणून तर बरं म्हणलो."

बाहेर कोणीतरी उरलेले फटाके फोडत होतं. मग उठून मी राहिलेला सगळा गोड फराळ डब्यात भरला आणि यांना गार्गीकडे द्यायला पाठवलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पट्ट्या आणल्या. सकाळची साखर लिहायला लाज वाटते. लिहिली: दोनशे दहा.

१ नोव्हेंबर, शनिवार

अंगठी सराफानं परत घेतली, चार पैसे घट कापून. ती घट यांनी कुठून भरली ते सांगत नाहीत, पण दोन दिवसांपासून यांचा तंबाखूचा खर्रा बंद दिसतो आहे. चिडचिड करतात आणि बडीशेप खातात. दवाखान्यात अर्धे पैसे भरून आले, पावती देवाजवळ ठेवली.

नुसती मुगाची डाळ आणि भाकर खाते आहे. दुकानात कोणी पेढा पुढे केला की मी तिसरा नको आधीच म्हणून टाकते. नवीन पोरगी हसते. शेठ म्हणाले, जाताय तर जा, पण काउंटरवर उंच स्टूल आणून ठेवतो, परत या. आधीच आणून ठेवलं असतं तर? पण म्हटलं, हो, येते.

५ नोव्हेंबर, बुधवार

साखरेचा रिपोर्ट आला. सात पूर्णांक चार. काठावर पास. डॉक्टर म्हणाला, "काकू, दिवाळीत थोडं झालं ना?" मी म्हटलं, थोडं नाही, चांगलंच झालं. त्याला पार्वतीबाईंचंही विचारलं, एकदम. म्हणाला, "व्यायाम केला नसेल त्यांनी. तुम्हाला रडू येईल इतका करावा लागेल. कराल?" हो म्हणाले. रडायची सवय आहेच.

संध्याकाळी पार्वतीबाईंना व्यायामाचं विचारलं. म्हणाल्या, "दुखे म्हणून मी नको म्हणलं, दवाखान्यातल्या लोकाईनं सोडून देलं." मग मी म्हटलं, माझं झालं की आपण दोघी मिळून करू. म्हणाल्या, पाहू.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या भरती व्हायचं, परवा ऑपरेशन. दिपाली येऊन पिशवी भरून गेली. केयूर तिथे राहणार आहे सोबतीला, त्यानं आपणहून सांगितलं. मुग्धाताईंचा फोन आला, "डबा मी पाठवते," आणि मी नको म्हणायची वाटच पाहिली नाही, ठेवून दिला.

भीती गेलेली नाही. दुपारी दवाखान्यातून फोन आला, नक्की येताय ना म्हणून विचारायला. यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "जायचं ना?"

हो म्हटलं.

"जायचं?"

हो.

"शोभे, एकदा अजून विचारतो. जायचं?"

म्हटलं, हो हो, किती विचारता. मग त्यांनी फोनवरून हात काढला आणि सांगितलं, येतो.

आवरताना त्यांनी झारा, सोऱ्या आणि पणत्यांचा डबा उचलला आणि माळ्यावर ठेवायला स्टूल ओढलं. मी म्हटलं, मागे ढकलू नका, कडेलाच ठेवा. पुढच्या वर्षी मीच काढणार आहे.